स्पर्धेसाठी कविता निवडताना आधी ओळखा: बोलतंय कोण आणि कोणाशी?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आठवीत आहे. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आंतरशालेय काव्यवाचन स्पर्धा आहे. कविता तोंडपाठ हवी, वेळ 4 मिनिटं, विषयाचं बंधन नाही. मुलीचा आवाज नाजूक आहे. वर्गशिक्षिकांनी ‘तुतारी’ सुचवली आहे. आतेभाऊ म्हणतो ‘कणा’ घे, हमखास नंबर येतो. मुलगी म्हणते, मला कुठलीच नको. आईची खरी काळजी शेवटच्या ओळीत आली आहे: गेल्या वर्षी ती मधेच विसरली आणि रडत खाली उतरली.

ताई, मी 26 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मुलांना अशा स्पर्धांसाठी तयार करण्यात गेली आणि निवृत्तीनंतर परीक्षक म्हणून पुढच्या रांगेत बसतो. तुमच्या मुलीचं विसरणं आणि तिचं ‘कुठलीच नको’ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं मला वाटतं. तिच्या तोंडी न बसणारी कविता तिला दिली गेली असावी. म्हणून पाठांतराच्या युक्त्या नंतर सांगतो, आधी निवडीबद्दल सांगतो.

बहुतेक घरांत कविता निवडतात ती विषय बघून. देशभक्ती, आई, निसर्ग, शेतकरी. विषय जितका मोठा तितकं बक्षीस जवळ, अशी समजूत असते. मी मुलांना विषय विचारतच नाही. कविता एकदा मोठ्याने वाचायला लावतो आणि दोन प्रश्न विचारतो: यात बोलतंय कोण? आणि ते कोणाशी बोलतंय? या दोन प्रश्नांची उत्तरं मुलाला स्वतःच्या शब्दांत देता आली, तर ती कविता त्याची होऊ शकते. नाही आली तर कितीही थोर कविता असो, तो तिचे नुसते शब्द म्हणणार.

‘तुतारी’चंच घ्या. केशवसुतांनी ती 1893 मध्ये लिहिली. पहिली ओळ सगळ्यांना येते: ‘एक तुतारी द्या मज आणुनी’. शंभरातली नव्वद मुलं ही ओळ छाती फुगवून, मूठ वर करून, ओरडून म्हणतात. आता आपले दोन प्रश्न विचारून बघा. बोलणारा काय म्हणतोय? मला तुतारी आणून द्या. म्हणजे त्याच्या हातात अजून तुतारी नाही. तो मागतोय. पुढे ‘फुंकिन मी’, ‘भेदुनि टाकिन’ ही सगळी क्रियापदं भविष्यकाळातली आहेत. फुंकणं अजून व्हायचंय. मग पहिल्याच ओळीत तुतारी वाजवून कसं चालेल? ही ओळ तळमळीने, थोड्या दबलेल्या आवाजात मागितली पाहिजे. आवाज चढतो तो पुढे, ‘जुने जाऊं द्या मरणालागुनि’ या कडव्याशी, ‘सावध! ऐका पुढल्या हाका!’ म्हणताना. पहिल्या ओळीलाच वरची पट्टी लावली की या कडव्यासाठी काही शिल्लक राहत नाही. दुसऱ्या मिनिटाला मुलाचा घसा बसतो आणि ऐकणाऱ्याचे कान किटतात.

म्हणजे नाजूक आवाजाच्या मुलीला ‘तुतारी’ जमणारच नाही असं नाही. उलट, तिची सुरुवात अशी मुलगी जास्त खरी करू शकेल. पण शेवटाकडे जो जोर लागतो तो पाच आठवड्यांत आणायचा म्हणजे घशावर अत्याचार होईल. शिवाय कविता बरीच लांब आहे, 4 मिनिटांत बसवायला कडवी गाळावी लागतील. गाळायची तर कुठली, हे ठरवणं मोठ्यांनाही सोपं नाही. मी या वर्षी ती तिच्यासाठी घेणार नाही.

आता ‘कणा’. कुसुमाग्रजांचा जन्म 27 फेब्रुवारी 1912 चा आणि त्यांच्याच जन्मदिनी हा दिवस साजरा होतो, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या कविता म्हटल्या जाणारच. पण एका सकाळी मी ‘कणा’ सहा वेळा ऐकली आहे. परीक्षकाला कंटाळा येतो म्हणून ती टाळा असं मी म्हणत नाही. परीक्षकाने कंटाळायचं नसतं, ते त्याचं काम आहे. माझी हरकत वेगळी आहे. ही कविता फक्त 14 ओळींची. शांतपणे म्हटली तरी दीड मिनिटाच्या आत संपते. हातात चार मिनिटं असतात, मग उरलेला वेळ मुलं अभिनयाने भरतात. डोळे पुसतात, हुंदका देतात, गुडघ्यावर बसतात, शेवटी स्वतःच्या पाठीवर हात मारतात.

आणि कवितेत तर तसं काही नाही. पुराने घर गेलेला तो माजी विद्यार्थी पावसात भिजून सरांकडे येतो, क्षणभर बसतो आणि हसतो. नदी पाहुणी आली होती असं सांगतो. ती माहेरवाशिणीसारखी घरात नाचली म्हणतो. सरांचा हात खिशाकडे गेल्यावर तो पुन्हा हसत हसत उठतो. दोनदा हसणाऱ्या माणसाला आपण पहिल्या शब्दापासून रडवतो! डोळ्यांतल्या पाण्याबद्दल तो बोलतो तेही नदीने मागे ठेवलेला प्रसाद म्हणून. आणखी एक गोष्ट मुलांना मी नेहमी शोधायला लावतो: सर या कवितेत किती वाक्यं बोलतात? एकही नाही. फक्त त्यांचा हात हलतो. हे एकदा कळलं की शेवटची ओळ ओरडून म्हणावीशीच वाटत नाही. तो समोर बसलेल्या, न बोलणाऱ्या एका माणसाकडे काहीतरी मागतोय. दोन हातांवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच तो आवाज. ध्वनिक्षेपक असतो, सभागृहाची चिंता नको.

आतेभावाने कुठल्यातरी चित्रफितीत पाहिलेली ‘कणा’ जशीच्या तशी उचलायची असेल तर मात्र नकोच. दुसऱ्याने केलेल्या सादरीकरणाची नक्कल पहिल्या दोन ओळींतच ओळखू येते. कुठे थांबायचं, कुठे मान वळवायची हे मुलाने ठरवलेलं नसतं, त्यामुळे मान आधी वळते आणि शब्द मागून येतो.

मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. नववीतला एक मुलगा होता, पाठांतराला पक्का. मला ‘कोलंबसाचे गर्वगीत’ फार प्रिय. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ संग्रहातली ही कविता मी त्याला दिली आणि महिनाभर त्याच्याकडून जोर काढून घेतला. त्या वयात मुलाचा आवाज फुटतो, याचा विचार मी केला नाही. स्पर्धेत तिसऱ्या कडव्याला त्याचा आवाज चिरकला. मागून हसण्याचा आवाज आला आणि तो थांबला तो थांबलाच. कविता त्याला पूर्ण पाठ होती, अगदी झोपेतून उठवलं तरी म्हणाला असता. पुढच्या वर्षी मी त्याच्यापुढे चार-पाच पुस्तकं ठेवली आणि गप्प बसलो. त्याने नारायण सुर्व्यांची ‘दोन दिवस’ काढली. त्याचे वडील रात्रपाळीला जात. हिशोब मांडत बसलेला तो कष्टकरी माणूस त्याने घरात पाहिला होता. आवाज न चढवता, खालच्या पट्टीत, त्याने ती म्हटली. ‘भाकरीचा चंद्र’ या दोन शब्दांपाशी तो किंचित थांबला. ते मी सांगितलं नव्हतं. नंबर आला का, हे मला आज आठवतही नाही, पण तो थांबलेला क्षण अजून आठवतो.

तेव्हापासून मी कविता देत नाही. पाच-सहा समोर ठेवतो. तुम्हीही तेच करा. रोज रात्री जेवण झाल्यावर एक, तुम्ही मोठ्याने वाचा, तिला फक्त ऐकू द्या. ‘आवडली का?’ असं विचारू नका, त्याला मुलं ‘ठीक आहे’ म्हणतात. ‘कुठली ओळ लक्षात राहिली?’ एवढंच विचारा. दुसऱ्या दिवशी न विचारता तिच्या तोंडून एखादी ओळ आली, तर तीच कविता तिची.

त्या पाच-सहांत काय ठेवावं, हे तिचा आवाज आणि वय बघून सांगतो.

माझ्या मनात सर्वात आधी येते ती शांता शेळक्यांची ‘पैठणी’. फडताळात एक गाठोडं, त्याच्या तळाशी जुने कपडे, त्यांत घडी करून ठेवलेली आजीची पैठणी. नात ती हातात घेते आणि आजीचं सगळं आयुष्य त्या पोतातून उलगडत जातं: लग्न, सणवार, श्रावण, शेवटी मरण. या कवितेला चढा आवाज लागतच नाही, चढवला तर ती बिघडते. आणि आपले दोन प्रश्न इथे फार सुंदर उत्तर देतात. बोलणारी नात आहे. ती कोणाशी बोलतेय? जवळजवळ सगळी कविता ती कोणाशीच बोलत नाही, स्वतःशीच आठवत असते. अगदी शेवटी ती एकदम पैठणीच्या चौकड्यांना हाक मारते आणि आजीला निरोप द्यायला सांगते. म्हणजे ऐकणारा कवितेत उगवतो तो शेवटी! हे वळण मुलीला स्वतः सापडू द्या. सापडलं की तिथे आवाज कसा बदलायचा हे तिला कोणी शिकवावं लागणार नाही.

एक सावधगिरी. या कवितेसाठी आया मुलींना नऊवारी नेसवतात, अंबाडा घालतात, आजीची खरी पैठणी अंगावर देतात. कवितेत बोलणारी आजी नाही, नात आहे. तुमची मुलगी नात आहेच. तिला शाळेच्या गणवेशात उभी करा. पैठणी दाखवायचीच असेल तर घरी दाखवा, कपाटातली जुनी साडी काढून तिच्या हातात द्या, वास घेऊ द्या. पैठणी नसेल तर आजीचं लुगडं, सुती पातळ, काहीही चालेल. ‘फडताळ’, ‘गाठोडं’, ‘कुंची’, ‘टोपडं’, ‘धानी’ हे शब्द आजच्या आठवीतल्या मुलीने बहुधा पाहिलेले नसतात. धानी म्हणजे कोवळ्या भाताच्या रोपाचा पिवळसर हिरवा, हे एकदा शेतात नाहीतर चित्रात दाखवलं की तो शब्द ती विसरणार नाही. न पाहिलेल्या गोष्टीचा शब्द पाठ होतो, पण व्यासपीठावर सर्वात आधी तोच निसटतो.

दुसरी, बहिणाबाई चौधरी. खानदेशातल्या आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं. जात्यावर, शेतात, काम करता करता तोंडाने रचलेली ही कविता आहे, म्हणून ती तोंडी म्हणायला जितकी मऊ तितकी दुसरी मिळणं कठीण. पण अडचणी दोन आहेत. पहिली बोलीची. ‘झोका झाडाले टांगला’ यातलं ‘झाडाले’ शहरातली मुलं नकळत ‘झाडाला’ करतात. तसं करू नये, तो ‘ले’ त्या मातीचा आहे. आणि उलट टोक म्हणजे खेडवळ दिसावं म्हणून हेल काढून, डोक्यावर पदर घेऊन केलेली नक्कल. ती तर मला ऐकवत नाही. खानदेशातलं कोणी नात्यात, शेजारात असेल तर त्यांच्याकडून चार वेळा ऐका, नसेल तर लिहिलंय तसं साधं म्हणा. दुसरी अडचण चालीची. बहिणाबाईंच्या बऱ्याच कविता आपण गाणी म्हणून ऐकल्या आहेत. एकदा चाल कानात बसली की बोलून म्हणणं अवघड जातं, मूल अर्धं गातं, अर्धं बोलतं. काव्यवाचनात हे चालत नाही. स्पर्धेचं नियमपत्रक नीट वाचा, काही ठिकाणी काव्यगायन असा वेगळा गट असतो. वाचनाच्या गटात असाल तर ज्या कवितेची चाल घरात सगळ्यांना येते ती शक्यतो टाळा. सावरकरांची ‘सागरा प्राण तळमळला’ याच कारणाने फार थोड्यांना बोलून म्हणता येते.

तिसरी, कुसुमाग्रजांचीच हवी असेल तर ‘आगगाडी व जमीन’. तिच्यात विनवणारी जमीन आहे, मस्तवाल गाडी आहे आणि शेवटी तीच जमीन संतापते. दोन आवाज स्पष्ट वेगळे आहेत, मुलीला खेळायला जागा आहे. पण गाडीचा आवाज काढायचा मोह आवरावा लागेल. लयीतच तो आहे, तोंडाने वेगळा काढावा लागत नाही.

बालकवी ठेवा असं मी सांगेन, पण स्पर्धेसाठी नाही, सरावासाठी. हा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, सतराव्या वर्षी 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणायला उभा राहिला आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन परतला. तुमच्या मुलीपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा! हे तिला जरूर सांगा. त्याची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे, स्पर्धेला पुरणार नाही, पण श्वास कुठे घ्यायचा हे शिकायला मला तिच्याइतकी चांगली कविता माहीत नाही. पहिल्या दोन ओळी बघा:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

पहिली ओळ संपली की मूल थांबतं, श्वास घेतं आणि मग ‘निळासांवळा’ सुरू करतं. पण हिरवाळी घेऊन कोण? झरा. वाक्य पहिल्या ओळीत संपलेलंच नाही. तिथे पूर्ण थांबलं की हिरवळ एकीकडे आणि झरा दुसरीकडे पडतो. ओळ संपली हे कानाला कळावं, पण वाक्य तुटू नये, इतकंच सूक्ष्म थांबायचं. एवढं जमलं की अर्धं काव्यवाचन जमलं. मग पुढे पांढरी पायवाट हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते. इथे बोलणारा कोण, कोणाशी, याचं उत्तर वेगळं आहे: इथे कोणी बोलतच नाही, एक नजर आहे आणि ती लांबून जवळ येतेय. टेकडी, गाव, मळे, वाट, डोह आणि मग पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. तिला डोळे मिटून ही वाट चालायला सांगा. आठ ओळी पाच मिनिटांत पाठ होतील आणि क्रम कधी चुकणार नाही, कारण वाटेवर डोह आधी आणि गाव नंतर येऊच शकत नाही.

‘झरा’ म्हणताना तिचा ‘झ’ ऐका. इंग्रजी माध्यमातली मुलं तो हिंदी ‘झरना’तल्या ‘झ’सारखा म्हणतात. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला ‘च’ जसा वेगळा, तसंच हे. उच्चाराचे गुण बहुतेक गुणपत्रकांत असतात आणि ते घरबसल्या मिळवता येतात. न-ण, ल-ळ यांचं तर सगळेच सांगतात. कविता रोमन लिपीत लिहून पाठ करू नका, हे परदेशातल्या मराठी आईबापांना मी कळकळीने सांगतो. ‘कणा’ आणि ‘काणा’ त्या लिपीत सारखेच दिसतात. देवनागरी हळू वाचता येत असेल तरी चालेल, किंवा नुसतं ऐकून पाठ करा. ऱ्हस्व-दीर्घ कान बरोबर पकडतो.

आता पाठांतर. वृत्तातली, यमकाची कविता लवकर पाठ होते आणि मुक्तछंद उशिरा, हे खरं आहे. वृत्त स्वतःच आठवण करून देतं. मनाच्या श्लोकांतला एखादा शब्द चुकला तर भुजंगप्रयाताची चालच अडखळते आणि जीभ थांबते. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण’ची पहिली ओळ ‘आम्ही कोण म्हणूनि काय पुसता’ इथे बारा अक्षरांवर एक विसावा घेते आणि मग सात अक्षरं येतात. शार्दूलविक्रीडिताची ती यतीच आहे. तो विसावा ज्याच्या कानात बसला त्याला ओळ विसरणं अवघड. पण याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे वृत्त मुलाला ओढून नेतं. शब्द सुटत जातात, अर्थ मागे राहतो आणि एखादी ओळ अडली की गाडी घसरते, कारण ती लयीवरच उभी होती. तुमच्या मुलीचं गेल्या वर्षी हेच झालं असणार. मूल अडलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करू बघतं, कारण त्याला दुसरीकडून शिरायचा दरवाजाच माहीत नसतो.

म्हणून दरवाजे जास्त करा. मी असं करवून घेतो. आधी कविता पुस्तकातून तिने स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवायची, पाठकोऱ्या कागदावर नाही, चांगल्या वहीत. पुस्तकातून म्हणतो आहे हे लक्षात घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांत शब्द बदललेले असतात, ओळी गळालेल्या असतात, कधी एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर असते. शाळेच्या ग्रंथालयात, तालुक्याच्या वाचनालयात, जुन्या बालभारतीत ती मिळते. मग शेवटचं कडवं आधी पाठ करायचं. त्यानंतर त्याच्या आधीचं आणि तिथून शेवटपर्यंत म्हणायचं. असं मागे मागे येत पहिल्या कडव्यावर पोचायचं. म्हणजे कविता म्हणताना ती नेहमी जास्त ओळखीच्या मुलखात शिरते. एरवी उलट होतं: पहिलं कडवं दोनशे वेळा म्हटलेलं असतं आणि शेवटचं वीस वेळा.

दोन आठवड्यांनी तुम्ही खेळ सुरू करा. भाजी निवडताना, रिक्षात, अचानक मधल्या कडव्याचा पहिला शब्द म्हणा आणि तिला पुढे जाऊ द्या. प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द हा एक दरवाजा. ‘पैठणी’ घेतली तर ते शब्द एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावा. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. रविवारी दोन तास बसवून घोकून घेऊ नका. शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर, इमारतीच्या जिन्यात, गच्चीवर, जिथे मधेच कुणीतरी येईल, फोन वाजेल, अशा ठिकाणी म्हणायला लावा. फोनवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा, पण तिला ऐकवण्याआधी विचारा. काही मुलांना स्वतःचा आवाज ऐकून बळ येतं, काहींचं खच्चीकरण होतं.

हातवाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. चंद्र म्हटलं की बोट वर, हृदय म्हटलं की हात छातीवर, हे करू नये. हात बाजूला सैल सोडून उभं राहायला शिकवा, तेच सर्वात अवघड आहे. एखादा हात आपोआप उठला तर उठू दे. सुरुवातीला ‘सन्माननीय व्यासपीठ’ आणि एखादी चारोळी घालून अर्धं मिनिट घालवू नका. कवितेचं नाव, कवीचं नाव, एक पूर्ण श्वास आणि पहिली ओळ. माझ्या गुणपत्रकाच्या कडेला मी पहिल्या वीस सेकंदांत एक शब्द लिहितो, ‘आत’ किंवा ‘बाहेर’. मूल कवितेच्या आत उभं आहे की बाहेर, एवढंच. पुढे तो शब्द क्वचितच बदलावा लागतो.

वर्गशिक्षिकांना काय सांगायचं हा प्रश्नही तुमच्या मनात असेल. त्यांनी ‘तुतारी’ प्रेमानेच सुचवली आहे. मुलीलाच त्यांच्याकडे पाठवा, तिने निवडलेल्या कवितेची चार ओळी म्हणून दाखवू दे आणि ही का घेतली ते तिच्या शब्दांत सांगू दे. मराठीच्या शिक्षिकेला याहून दुसरं काही पटवून द्यावं लागत नाही.

आणि तरीही व्यासपीठावर विसरली तर? याची तालीम आधीच करा, विसरण्याचीसुद्धा. घरी मुद्दाम तिला मधेच थांबवा. थांबायचं, ‘सॉरी’ म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही, वर छताकडे बघायचं नाही. जिथे होती तिथेच, त्या फडताळापाशी, नजर ठेवायची आणि एक श्वास घ्यायचा. ओळ आली तर ठीक, नाही आली तर पुढच्या कडव्याच्या दरवाजातून आत शिरायचं. श्रोत्यांना तो विराम वाटतो. परीक्षकाकडे संहिता असते, त्याला एक ओळ सुटल्याचं कळतं, त्याचा एखादा गुण जाईल. जाऊ दे. शेवटची ओळ झाली की लगेच नमस्कार करून वळू नये. पैठणीशी बोलणं चाललं होतं, तिला निरोप दिलाय. दोन श्वास तिथेच उभं राहायचं, मग मान झुकवायची आणि सावकाश खाली उतरायचं.